बोअर 80 मीटरचे ठरले, निघाले 46 मीटरचे: घर उबदार ठेवण्याच्या यंत्रणेबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय, पुणे

विषय: जमिनीतील उष्णतेवर चालणाऱ्या हीट पंपाचे काम कराराप्रमाणे न केल्याबाबत

महोदय,

पावसाळा संपल्यावर तुमच्या कंपनीने आमच्या ग्वाल्हेरच्या घरी, लष्कर भागात, ही यंत्रणा बसवली. दिवाळीआधीच आम्ही सगळे पैसे चुकते केले. थंडी सुरू झाली तशी घर तापेना, आणि विजेचे बिल मात्र चढत गेले. तुमच्या इथल्या माणसांना फोन केला की "यंदा थंडीच जास्त आहे" एवढेच उत्तर मिळते. म्हणून आता थेट तुम्हाला लिहिते आहे.

आम्ही ही यंत्रणा हौस म्हणून घेतलेली नाही. घर जुने, दगडी, उंच छताचे. जानेवारीत धुके धरले की दुपारपर्यंत ऊन दिसत नाही आणि रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो. माझ्या सासऱ्यांना दमा आहे. उत्तरेकडे अजूनही बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून लोक झोपतात आणि त्या धुराने माणसे दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. आमच्याकडेही सिगडीच होती. ती कायमची घराबाहेर जावी, एवढ्यासाठी आम्ही हा खर्च केला.

यंत्रणेच्या तत्त्वाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. काही मीटर खाली गेले की जमिनीचे तापमान वर्षभर जवळपास एकसारखे राहते, साधारण त्या गावाच्या वार्षिक सरासरीइतके; म्हणजे आमच्याकडे पंचवीसच्या आसपास. बोअरमधल्या नळीतून फिरणारे पाणी ती ऊब वर आणते, यंत्रातला वायू ती शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी गरम करतो आणि ती उष्णता फरशीखालच्या नळ्यांतल्या पाण्याला मिळते. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच काम इथे जमीन आणि घर यांच्यात होते. वीज फक्त उष्णता हलवायला लागते, म्हणून एका युनिटमागे तीन-चार युनिट उष्णता मिळते. तुमच्या माहितीपत्रकावर मात्र वाफाळणाऱ्या कुंडाचे चित्र आहे. तशी कुंडे मणिकरणला आहेत, वज्रेश्वरीला आहेत, ग्वाल्हेरला नाहीत. खोल जाताना जमीन दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनीच तापते. आमच्या बोअरमध्ये जे मिळते ते मुख्यतः उन्हानेच जमिनीत साठवलेले आहे. ते चित्र पाहून शेजारपाजारचे लोक भलत्याच अपेक्षा धरतात, ते बदला.

आता मुख्य मुद्दा. करारात प्रत्येकी 80 मीटरचे दोन बोअर लिहिले आहेत. हिशेब तुमच्याच कोटेशनमध्ये आहे: 10 किलोवॅट उष्णतेपैकी साडेसात किलोवॅट जमिनीतून घ्यायची, मीटरला 50 वॅट धरायचे, म्हणजे किमान 150 मीटर बोअर हवा. हिशेब चोख आहे. पण खोदाई तशी झालेली नाही. तुम्ही वापरलेल्या काळ्या एचडीपीई (टणक प्लॅस्टिकच्या) नळीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. आमच्या पहिल्या बोअरच्या तोंडाशी आत जाणाऱ्या नळीवर 212 आहे आणि बाहेर येणाऱ्या नळीवर 304. एकूण 92 मीटर नळी आत गेली. ती खाली जाऊन वळून वर येते, म्हणजे खोली 46 मीटर. दुसऱ्या बोअरचे आकडेही तेवढेच अंतर दाखवतात. दोन्हींचे फोटो सोबत जोडले आहेत. म्हणजे दोन्ही बोअर मिळून खोली 92 मीटर, आणि तुमच्याच दराने ती साडेचार किलोवॅटच्या जवळपास देते. बाकीची उष्णता कुठून येणार?

"खाली दगड लागला" असे तुमचा सुपरवायझर म्हणाला. दगड तर चांगलाच. कोरड्या मातीपेक्षा आमचा वालुकाश्म उष्णता कितीतरी चांगली वाहून नेतो. दगड लागला म्हणून खोदाई थांबवली असेल, तर ते आम्हाला तेव्हाच सांगायला हवे होते आणि पैसेही तेवढेच घ्यायला हवे होते.

त्याहून गंभीर गोष्ट भरणीची. नळी सोडल्यावर बोअर तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) आणि वाळू यांच्या मिश्रणाने भरायचा, असे करारात आहे. आमच्या गवंड्याने झाकण काढून नळीच्या कडेने ओळंबा सोडला. तो पंचवीस फुटांपर्यंत कुठेही अडला नाही. पुढे दोरी संपली. म्हणजे नळ्या आत मोकळ्या लोंबत आहेत. बोअरमध्ये पाणी असते तर एक वेळ चालले असते, कारण पाणी तरी उष्णता पोचवते. आमचा बोअर कोरडा आहे. नळी आणि दगड यांच्यामध्ये हवा आहे, आणि हवेतून उष्णता फार कमी जाते.

याचा परिणाम पॅनलवर रोज दिसतो. संध्याकाळी यंत्र सुरू होते तेव्हा बोअरमधून येणारे पाणी 23 अंशांचे असते, रात्री दहापर्यंत ते सातवर येते. मग कॉम्प्रेसर बंद पडतो आणि आतला विजेचा हीटर आपोआप सुरू होतो. हा हीटर अडीअडचणीसाठी, असे आम्हाला सांगितले होते. डिसेंबर आणि जानेवारीत पॅनलच्या नोंदीप्रमाणे कॉम्प्रेसरने 410 युनिट वीज घेतली आणि हीटरने 1290. हीटर एका युनिटला एकच युनिट उष्णता देतो. तो तर कुठल्याही दुकानात मिळतो, त्यासाठी अंगण खोदायची गरज नव्हती.

भर म्हणून, तक्रार केल्यावर आलेल्या तंत्रज्ञाने पाण्याचे तापमान 55 वर नेऊन ठेवले. फरशीला 35 पुरते. जितके जास्त तापवायचे तितके कॉम्प्रेसरला कष्ट जास्त, हे त्याला माहीत असायला हवे.

आणि उन्हाळा पुढेच आहे. हीच यंत्रणा उलटी फिरवून घर थंड करणार, असे तुमचे आश्वासन आहे. ग्वाल्हेरचा पारा 45 च्या वर जातो आणि आमचा उन्हाळा हिवाळ्यापेक्षा लांब. घरातली उष्णता त्याच अपुऱ्या बोअरमध्ये दर वर्षी ओतली, तर भोवतीची जमीनच तापत जाईल. मोजणी करताना उन्हाळ्याचा हिशेब केला होता का? केला असेल तर कागद पाठवा.

आमच्या मागण्या अशा. कमी पडलेली खोली नव्या बोअरने भरून द्यावी, भरणी तळापासून पंपाने आमच्यासमोर करावी आणि नळीची दाबचाचणी भरणीआधी व्हावी. जुन्या दोन बोअरचीही भरणी पूर्ण करावी. हीटरने खाल्लेल्या जादा विजेचे पैसे परत मिळावेत. हे सगळे एप्रिलच्या आत व्हावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्वाल्हेरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार नोंदवीन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागता येते, त्यामुळे मला पुण्याला यावे लागणार नाही.

आपली,
एक ग्राहक
लष्कर, ग्वाल्हेर

सोबत: कराराची प्रत, कोटेशन, नळीवरील आकड्यांचे फोटो, पॅनलच्या नोंदी, दोन महिन्यांची वीजबिले