पाठमोऱ्या पानामेराविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चार दारांच्या स्पोर्ट्स कारविषयी आलेला लेख आणि त्यानंतर लागोपाठ दोन आठवडे छापून आलेली वाचकांची पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. पोर्शे या जर्मन कंपनीच्या चार दारांच्या पानामेरा या गाडीवरून आपल्या वाचकांत सरळ दोन तट पडलेले दिसतात. एका तटाच्या मते ही गाडी म्हणजे पैशापायी मोडीत काढलेला वारसा आहे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, तिला नावे ठेवणाऱ्यांपैकी कोणी ती कधी चालवलेलीच नाही. भोसरीच्या एका टूलरूममध्ये गाड्यांच्या पत्र्याला आकार देणारे साचे, म्हणजे डाय, बनवण्यात माझी एकतीस वर्षे गेली, त्यामुळे गाडीचे छत, दार, डिकी यांकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. मला वाटते की, दोन्ही बाजू या गाडीचा मागचा भाग बाहेर उभे राहून जोखत आहेत. तो ज्यांच्यासाठी तसा केला, त्या मागे बसणाऱ्या दोन माणसांचा विचार एकाही पत्रात नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट नोंदवतो. मे २०२४ मधील कल्याणीनगरच्या अपघातानंतर पुण्यात ‘पोर्शे’ हा शब्द उच्चारला की दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू आठवतो. ती पोर्शेची टायकान होती, म्हणजे चार दारांचीच गाडी. तो विषय न्यायालयापुढे आहे आणि या पत्राचा नाही; पण पुण्याहून लिहिताना त्याचा उल्लेखही टाळणे मला बरे वाटले नाही.

पहिली पानामेरा जगापुढे आली ती एप्रिल २००९ मध्ये, शांघायमधील एका गगनचुंबी इमारतीच्या ९४व्या मजल्यावर. गाडी तेथवर लिफ्टने चढवली होती. मेक्सिकोत १९५० ते १९५४ या काळात भरणाऱ्या ‘कारेरा पानामेरिकाना’ या रस्त्यावरच्या शर्यतीवरून तिचे नाव ठेवले गेले. नावाबद्दल कोणाची तक्रार नव्हती; तक्रार सुरू झाली ती गाडी पाठमोरी झाल्यावर. समोरून ही गाडी नाकीडोळी नीटस आहे, बोनेटच्या दोन्ही बाजूंना उचललेले फेंडर (चाकांवरचा पत्रा) ९११ ची, म्हणजे पोर्शेच्या दोन दारांच्या आणि मागे इंजिन असलेल्या प्रसिद्ध स्पोर्ट्स कारची, आठवण करून देतात, पण छत मागे जाताना खाली उतरायला जो उशीर करते, त्यामुळे पाठीला कुबड आल्यासारखे दिसते. हे मीही मान्य करतो. गाडीच्या बाजूने बोलणारे काही वाचक ‘सवय झाली की छान दिसते’ असे लिहितात, ते मात्र मला पटत नाही. सवय कोणत्याही गोष्टीची होते.

कट्टर पोर्शेप्रेमींचा दुसरा आक्षेप आकाराचा आहे, आणि तो आकड्यांनी सिद्ध होतो. पहिल्या पिढीच्या गाडीची लांबी ४,९७० मिलिमीटर आणि रुंदी १,९३१ मिलिमीटर होती. आपल्या रस्त्यांवरची इनोव्हा क्रिस्टा १,८३० मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे ही स्पोर्ट्स कार इनोव्हापेक्षा दहा सेंटिमीटरने अधिक रुंद. ४.८ लिटरच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची पानामेरा एस त्या काळच्या ९११ करेरापेक्षा सुमारे साडेतीनशे किलोने जड होती. एवढा बोजा घेऊन तिची टर्बो आवृत्ती ४.२ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठत असे, हे कौतुकास्पदच आहे. परंतु वेग आणि चपळाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चपळाई जिला म्हणतात ती हलक्या गाडीतच असते. येथे टीकाकारांचे पारडे जड आहे.

‘इंजिन पुढे, म्हणून ती पोर्शे नव्हे’ हा तिसरा आक्षेप मात्र अजिबात टिकत नाही. पोर्शेच्याच ९२४, ९४४ आणि ९२८ या तिन्ही गाड्यांचे इंजिन पुढेच होते, आणि त्यांतली ९२८ तर १९७८ ची युरोपातील ‘कार ऑफ द इयर’ ठरली होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या लेखकांनी असे लिहिले आहे की, कायेन ही एसयूव्ही खपल्यामुळे कंपनीचे धारिष्ट वाढले आणि मग तिने चार दारांची गाडी काढली. कायेन २००२ मध्ये आली आणि तिने कंपनीला पैसा मिळवून दिला हे खरे. पण चार माणसे नीट बसतील अशी गाडी काढण्याची ओढ कंपनीच्या घरात त्याच्या पन्नास वर्षे आधीपासून होती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ३५६ या ९११ च्या आधीच्या गाडीची चाके लांबवर नेऊन चार आसनांचा ‘टाइप ५३०’ हा नमुना तयार केला गेला होता. १९६७ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या एका पोर्शे वितरकाने आपल्या पत्नीला भेट देण्यासाठी एक ९११ कॅलिफोर्नियातील कारागिरांकडून मधोमध कापून लांब करवून घेतली आणि तिला मागे दोन दारे बसवली. ती दारे पुढच्या दारांच्या उलट दिशेने उघडत. (पत्रा कापून जोडण्याचे काम ज्याने केले आहे, त्यालाच या खटाटोपाची किंमत कळेल.) १९८४ मध्ये कंपनीच्या संस्थापकांचे पुत्र फेरी पोर्शे ७५ वर्षांचे झाले, तेव्हा कंपनीने त्यांना लांब केलेली आणि मागे उंच छत असलेली ९२८ वाढदिवसाची भेट म्हणून दिली. म्हणजे ज्यांच्या नावाची शपथ घेऊन कट्टर मंडळी बोलतात, त्या फेरी पोर्शे यांना मिळालेली ही भेटसुद्धा मागच्या सीटचीच होती.

त्यानंतर ‘९८९’ हा नमुना. पोर्शेतील अभियंते उलरिख बेझ यांच्या देखरेखीखाली १९८८ पासून हिच्यावर काम चालले होते: चार दारे, पुढे व्ही-८ इंजिन, मागच्या चाकांना ताकद. पुढे कंपनीची विक्री घसरली, हात आखडता घ्यावा लागला आणि प्रकल्प बंद पडला. पण त्या गाडीचा चेहरा वाया गेला नाही. १९९३ मध्ये आलेली, ज्ञात्यांच्या अत्यंत लाडकी असलेली ९११ ची ९९३ ही पिढी पाहा. तिच्या मागे कललेल्या दिव्यांत आणि सपाट झालेल्या नाकात ९८९ स्पष्ट दिसते. चार दारांच्या गाडीने ९११ चा वारसा बुडवला असे म्हणणाऱ्यांनी हा उलटा प्रवास ध्यानात घ्यावा.

मग मागच्या भागाचे असे का झाले? याचे उत्तर मला स्टुटगार्टला मिळाले. माझी मुलगी तेथे नोकरीनिमित्त राहते. तिचे शेजारी एक वयस्कर डॉक्टर असून त्यांच्याकडे पहिल्या पिढीची पानामेरा एस आहे. आमच्या परतीच्या दिवशी ‘विमानतळावर मीच सोडतो’ असा त्यांनी आग्रह धरला. मी आणि माझी पत्नी मागे बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा उतरलो म्हणावे, कारण सीट गुडघ्यांच्या खालीच लागते. पण एकदा बसल्यावर माझे, म्हणजे पाच फूट अकरा इंच उंचीच्या माणसाचे, डोके आणि छत यांच्यामध्ये आडवी मूठ सहज मावली. पुढच्या सीटला गुडघे लागले नाहीत. गाडीच्या मधोमध उंच वरंबा पुढून थेट मागेपर्यंत येतो, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोलगट सीट, आणि पाचव्या माणसाला जागाच नाही. पत्नीने हळूच विचारले, “अहो, एवढी थोरली गाडी आणि मध्ये बसायला काहीच नाही?” मागची काच डिकीच्या झाकणासकट एका अखंड तुकड्यात वर उचलली जाते, आमच्या दोन मोठ्या बॅगा तिच्यात आडव्या गेल्या. मागून मला पुढचे पाच गोल डायल दिसत होते, त्यांत मधला सर्वांत मोठा डायल इंजिनाच्या फेऱ्यांचा. किल्ली स्टिअरिंगच्या डावीकडे, ९११ मध्ये असते तशीच. गिअरच्या दांड्याभोवती बटणांच्या इतक्या रांगा होत्या की डॉक्टरसाहेबांनाही हवे ते बटण शोधायला क्षणभर लागे. ते हसून म्हणाले की, त्यांचे मित्र या गाडीच्या पाठीवरून त्यांची थट्टा करतात, पण गावाला जायचे ठरले की हेच मित्र मागची सीट आधी धरून ठेवतात.

त्या आडव्या मुठीचा हिशेब म्हणजेच ते कुबड. टूलरूमच्या भाषेत सांगायचे तर छताची रेषा कोठे तुटेल हे आराखडा काढणाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. मागच्या प्रवाशाच्या डोक्याचा बिंदू आधी ठरतो आणि पत्रा त्याच्या वरून न्यावा लागतो. तुलनेसाठी ॲस्टन मार्टिनची रॅपिड घ्यावी. २०१० मध्ये बाजारात आलेली ही गाडी दिसायला निर्विवाद सुंदर, आणि उंची १,३६० मिलिमीटर, म्हणजे पानामेराच्या १,४१८ पेक्षा जवळजवळ सहा सेंटिमीटरने कमी. ते सौंदर्य त्या सहा सेंटिमीटरांत आहे, आणि तिच्या मागच्या सीटची अडचणही त्यांतच आहे. एकाने पाठ सांभाळली, दुसऱ्याने पाठीमागची माणसे सांभाळली. चार दारे लावल्यावर मागच्या दारातून येणाऱ्याला मान वाकवून बसवणे हे मला पाहुण्याला पाटावर बसवून ताट न वाढण्यासारखे वाटते. म्हणून माझे मत पहिल्या, कुबड असलेल्या पानामेराच्या बाजूने आहे. ती कुरूप असेल, पण खोटी नाही.

जून २०१६ मध्ये बर्लिनला दाखवलेल्या दुसऱ्या पिढीत मागच्या बाजूचे छत २० मिलिमीटरने खाली आले आणि टीकेचा जोर बराच ओसरला. वीस मिलिमीटर म्हणजे माझ्या अंगठ्याची रुंदी. वाचकांना तो फरक क्षुल्लक वाटेल, पण डायच्या कामात दोन सेंटिमीटर हे फार मोठे अंतर असते, आणि डोळा ते अचूक पकडतो. त्यासाठी गाडी मात्र ५,०४९ मिलिमीटर लांब झाली आणि चाकांमधले अंतर ३० मिलिमीटरने वाढले. एका ठिकाणी दाबले की दुसरीकडे वाढवावे लागते. दुसरी पिढी अधिक देखणी आहे, हे मी नाकारत नाही. तिचे नवे रूप पाहून ‘अखेर कंपनीला चूक कळली’ असे जे लिहिले गेले, त्याला मात्र माझी हरकत आहे, कारण प्रवाशाच्या डोक्यासाठी ठेवलेली जागा ही चूक नव्हती.

एका वाचकाने ‘खऱ्या स्पोर्ट्स कारला दोनच दारे’ असा दंडक सांगितला आहे. ९११ ज्या वर्षी प्रथम लोकांपुढे आली, त्याच वर्षी, १९६३ मध्ये, इटलीत माझेराटीने क्वात्रोपोर्ते दाखवली. या इटालियन नावाचा अर्थच ‘चार दारे’ असा आहे. तिच्याविषयी कोणी वारशाची भाषा काढत नाही, याचे कारण एवढेच की तिने दारांची संख्या जन्मापासून पाटीवर लिहून ठेवली. पोर्शेच्या बाबतीत साठ वर्षे एकच आकृती डोळ्यांसमोर राहिल्यामुळे आपण त्या आकृतीलाच नियम समजू लागलो आहोत.

शेवटी एक विनंती. लेखातील “पोर्शेने चार दारांचा पहिला प्रयत्न २००९ मध्ये केला” हे वाक्य चुकीचे आहे. ९८९ चा विचार करता तो प्रयत्न त्याच्या दोन दशके आधीचा ठरतो. पुढील पुरवणीत ही दुरुस्ती छापावी, आणि जमल्यास त्या गाडीचे पुढून काढलेले छायाचित्र १९९३ च्या ९११ शेजारी द्यावे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम अभियंता,
चिंचवड, पुणे