‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द जपून वापरावा

महोदय,

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द आपण हल्ली कशालाही लावतो. गणिताची अ‍ॅलर्जी, पाहुण्यांची अ‍ॅलर्जी! गप्पांत ते खपून जाते, पण खाण्या-औषधाच्या बाबतीत हा सैलपणा जिवावर बेतू शकतो. 1906 मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी हा शब्द घडवला. एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाला शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते, ती अ‍ॅलर्जी. दूध प्यायल्यावर नुसते पोट फुगते ते बहुधा लॅक्टोज ही दुधातील साखर पचवणारे विकर (एन्झाइम) कमी पडल्याने. ती अ‍ॅलर्जी नव्हे. दुधातील प्रथिनांची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचे मात्र घोटभर दुधानेही ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. त्याची आई ‘याला अ‍ॅलर्जी आहे’ असे सांगते, तेव्हा ‘थोड्याने काय होतंय?’ म्हणून आग्रह करणारे भेटतातच, कारण हा शब्द त्यांनी नावडीच्या अर्थानेच ऐकलेला असतो. याचा मला मनापासून संताप येतो. नावडत असेल तर नावडते म्हणावे, पचत नसेल तर पचत नाही म्हणावे. डॉक्टरांनाही कोणत्या औषधाने नेमके काय झाले ते सांगावे. नुसत्या ‘अ‍ॅलर्जी आहे’ एवढ्यावर उपयोगी प्रतिजैविकही उगाच वगळले जाते.

– एक वाचक