35 रीम कागद आणि एक रात्र: जो ॲन रॉबिन्सन यांना आभारपत्र

आदरणीय रॉबिन्सनबाई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही 1992 मध्ये गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. अमेरिकेतला नागरी हक्कांचा लढा शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ती तुम्ही लिहून ठेवलेली एका रात्रीची हकिकत.

1 डिसेंबर 1955, गुरुवार. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांना अटक झाली. वकील फ्रेड ग्रे यांच्याकडून तुम्हाला ते रात्री उशिरा कळलं. मध्यरात्री तुम्ही अलाबामा स्टेट कॉलेज गाठलंत, जिथे तुम्ही इंग्रजी शिकवत होता. सोबत वाणिज्य विभागाचे प्रमुख जॉन कॅनन आणि तुमचे दोन विद्यार्थी. स्टेन्सिल कापली, सायक्लोस्टाइलवर चढवली. एका कागदावर तोच मजकूर तीनदा, म्हणजे कापल्यावर कागदामागे तीन पत्रकं. 35 रीम, रीमला 500 कागद: 17,500 कागद आणि 52,500 पत्रकं. पहाटे चारला छपाई, कापणी, गठ्ठे बांधणं सगळं उरकलं होतं. सातपर्यंत वाटपाचे मार्ग ठरले आणि आठला तुम्ही वर्गात शिकवत होता. तास संपल्यावर गाडीतून गठ्ठे शाळांत, दुकानांत, ब्युटी पार्लरांत, केस कापायच्या दुकानांत, कारखान्यांत पोचते झाले. सोमवारी, 5 डिसेंबरला, कोणीही बसने जाऊ नका, एवढंच सांगणं. लोक बसमध्ये चढले नाहीत, आणि तो एक दिवस 381 दिवसांपर्यंत लांबला.

पत्रकाखाली नाव नव्हतं. कॉलेज सरकारी पैशावर चालणारं, नाव फुटलं असतं तर सगळ्या कॉलेजवरच बेतलं असतं. प्राचार्यांनी बोलावून विचारलं तेव्हा कागदाचे पैसे महिला राजकीय परिषद, म्हणजे शहरातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची तुमची संघटना, भरेल, असा शब्द तुम्ही दिलात. नाव लपवणं तेव्हा गरजेचं होतं. पण त्यामुळेच पुढच्या इतिहासात तुमचं नाव दिसेनासं झालं.

हा लढा शिकवताना हमखास एक चूक होते. धडा अटकेपासून सुरू होतो. मग वाटतं, एक थकलेली शिंपीण उठली नाही आणि शहर आपोआप पेटून उठलं. पार्क्स तेव्हा 42 वर्षांच्या होत्या आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या जुन्या, मुरलेल्या कार्यकर्त्या होत्या. महिला राजकीय परिषद मेरी फेअर बर्क्स यांनी 1946 मध्येच काढली होती. म्हणून धड्याची सुरुवात 21 मे 1954 च्या तुमच्या पत्रापासून करावी. महापौर गेल यांना लिहिलेल्या त्या पत्रात मागण्या किती साध्या! कृष्णवर्णीयांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे, जागा भरेपर्यंत बसत जावं. पुढच्या दाराशी भाडं देऊन मागच्या दाराने चढायला लावू नये. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतही बस प्रत्येक कोपऱ्यावर थांबावी. आणि शेवटी सभ्य शब्दांत इशारा, की पंचवीसहून अधिक संघटना बहिष्काराचा विचार करत आहेत. तारीख झाकून हे पत्र वाचायला द्यावं आणि ते अटकेच्या आधीचं की नंतरचं, हे मुलांना ओळखायला सांगावं. खरी तारीख, अटकेच्या दीड वर्ष आधीची, उघड केली की तयारी म्हणजे काय ते मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

मग फळ्यावर बस काढावी. 36 जागा. पुढच्या 10 गोऱ्यांच्या, मागच्या 10 कृष्णवर्णीयांच्या, आणि मधल्या 16 जागांचा निवाडा ड्रायव्हरच्या मर्जीवर. भांडण या मधल्या जागांचं होतं, हे चित्राशिवाय मुलांच्या लक्षात येत नाही.

दुसरी चूक त्याहून अवघड. पार्क्सच्या जागी क्लॉडेट कोल्विन हिला बसवून अन्याय दूर झाला असं मानलं जातं. कोल्विन 15 वर्षांची होती; बसमधली जागा सोडली नाही म्हणून तिलाही अटक झाली, आणि तीही पार्क्सच्या आधी, 2 मार्च 1955 ला. ती गरोदर होती म्हणून तिला डावललं, एवढ्यावर तिची गोष्ट संपवतात. तिचं वय आणि घरची परिस्थिती पुढाऱ्यांनी पाहिली, हे खरंच. पण अपिलात न्यायाधीशांनी गोऱ्या-काळ्यांनी वेगळं बसण्याचा कायदा मोडल्याचा आरोप काढून टाकला आणि फक्त मारहाणीचा ठेवला. त्या खटल्यातून मूळ कायद्याला आव्हान द्यायची वाटच बंद झाली. हा बारकावा सांगितलाच पाहिजे, कारण कायदा मोडून काढणाऱ्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्यात हीच कोल्विन पुन्हा उभी राहिली. सोबत ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनल्ड आणि मेरी लुईस स्मिथ. 13 नोव्हेंबर 1956 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. त्याच दिवशी मॉन्टगोमेरीच्या कोर्टाने बहिष्काराच्या काळात लोक बसऐवजी वापरत असलेल्या सामायिक गाड्यांवर मनाई आणली! निकालाचा कागद शहरात पोचेपर्यंत, 20 डिसेंबरपर्यंत, माणसं गाड्यांच्या त्या सोयीशिवाय चालत राहिली.

त्या गाड्यांच्या पेट्रोलचे पैसे कुठून आले, हेही विचारायला हवं. जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी जेवण, केक आणि भाजलेले गोड पदार्थ करून विकत आणि ते पैसे सभेत आणून देत. गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे पैसे कुठून आले विचारलं तर खरं उत्तर तयार: कुठूनच नाही.

पडद्यामागची तयारी कोणी केली, हा प्रश्न तुमच्यामुळे आता आम्ही महाडच्या सत्याग्रहाबद्दलही विचारतो. मार्च 1927 ची परिषद कोणी जुळवून आणली? तिथे रामचंद्र बाबाजी मोरे यांचं नाव सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तुमच्या घराची काच फोडली गेली, गाडीवर ॲसिड टाकलं गेलं, 1960 मध्ये कॉलेजही सोडावं लागलं. एवढं सोसून तुम्ही 1987 मध्ये पुस्तक छापून आणलंत आणि त्यात रीम, कागद, वेळ, सगळं मोजून लिहिलंत. त्या आकड्यांबद्दल मनापासून आभार. 35 गुणिले 500 गुणिले 3 हे गणित मुलं आता वहीत स्वतः सोडवतात.

तुमचे ऋणी,
इतिहासाचे काही शिक्षक