दिवाळीची अडगळ भंगारात घालण्याआधी : रोबो वर्गासाठी आवाहन

सर्व सभासद आणि हितचिंतकांना सप्रेम नमस्कार.

घरोघरी दिवाळीची आवराआवर सुरू झाली आहे. माळ्यावरचा बंद प्रिंटर, डीव्हीडी प्लेअर, चाक तुटलेली खेळण्यातली गाडी आता भंगारवाल्याच्या काट्यावर चढेल. वाचनालयाच्या रोबो वर्गात मुले अशा जुन्या सामानातून छोटे रोबो बनवतात; त्या वर्गाला नेमके तेच हवे आहे.

हा वर्ग देणाऱ्यांच्या जिवावर उभा राहिला. मेन रोडवरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी दुकान आवरताना दोन मल्टिमीटर, तीन सोल्डरिंग आयर्न आणि रंगांनुसार बांधलेली तारांची भेंडोळी दिली. ती भेंडोळी अजून पुरत आहेत. अंबडच्या टूलरूममधल्या सभासदांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या नुसत्या कापून नव्हे, कडा घासून आणल्या, म्हणून मुलांची बोटे शाबूत राहिली. या सर्वांचे ऋण आम्ही विसरलेलो नाही. गेल्या वर्षी मात्र आवाहन करूनही फारसे कोणी फिरकले नाही. एकेका रोबोवर तीन-तीन मुले बसवावी लागली, ते मनाला लागले. म्हणून यंदा सविस्तर लिहितो.

एका रोबोला दोन मोटरी, पट्टीचे दोन स्विच आणि चार पेन्सिल सेल लागतात. चिप नाही, प्रोग्रॅम नाही. सेल एका ओळीत जोडून मधोमध काढलेली तार दोन्ही मोटरींना जाते. मोटरचे दुसरे टोक स्विचच्या कॉमन (सामाईक) पायाला, उरलेले दोन पाय बॅटरीच्या दोन टोकांना. डावी मिशी, म्हणजे स्विचच्या पट्टीला लावलेली तार, भिंतीला टेकली की उजवी मोटर उलटी फिरते आणि रोबो वळतो. म्हणून स्विच तीन पायांचाच हवा; दोन पायांचा मोटर बंद करील, उलटी फिरवणार नाही.

मोटरी जोडीने द्या. दोन वेगळ्या मोटरी लावल्या तर रोबो सरळ न जाता एका बाजूला वळत राहतो. एकाच मॉडेलचे दोन डीव्हीडी ड्राइव्ह म्हणजे ट्रेच्या दोन सारख्या मोटरी. प्रिंटरच्या २४ व्होल्टच्या मोटरी दोन सेलच्या अडीच-तीन व्होल्टवर जेमतेम हलतात, तरी मोठ्या मुलांसाठी चालतील. मोटरच्या तारा मुळाशी कापू नका. तार जोडायची पितळी पाती तुटली की मोटर वाया जाते. मायक्रोवेव्ह घरी मुळीच उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

३० रोबोंसाठी ६० मोटरी, ६० स्विच, १२० रिचार्जेबल सेल (साधे सेल मोटरीच्या भाराने लवकर उतरतात). सामान वसुबारसेपर्यंत, सायं. ५ ते ८, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. फुगलेल्या बॅटऱ्या, पिक्चर ट्यूबचे टीव्ही नकोत. सातपूर-पंचवटीत चार घरांचे सामान एकत्र असल्यास रिक्षा पाठवू. रोख देणगी सेल व चार्जरसाठीच, पावती मिळेल.

आपला,
कार्यवाह