टॉवरचा खड्डा, शेजाऱ्यांना तडे

महोदय,

दादरमधल्या आमच्या तीन मजली, लोड बेअरिंग (खांबांऐवजी भिंतींवरच भार पेलणाऱ्या) इमारतीला खेटून टॉवर उभा राहतोय. पार्किंगच्या तळघरांसाठी खोल खोदाई झाली, पाणी उपसणारे पंप रात्रंदिवस चालले आणि आमच्या जिन्याच्या भिंतीला तिरका तडा गेला. स्वयंपाकघराचं दार आता चौकटीत बसत नाही. साइटवरचा इंजिनीअर म्हणतो, “आजी, तुमची बिल्डिंगच जुनी आहे.” आहेच जुनी! पण भूजल उपसलं की शेजारची माती दबते, हे त्याला कॉलेजात शिकवलं असेलच ना?

७० मीटरहून उंच बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे लावायला महापालिकेने २०२३ मध्ये सांगितलं, ते धुळीसाठी. तड्यांचं काय? १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने २० वर्षं निर्वेध उभ्या असलेल्या इमारतीला शेजारच्या जमिनीच्या आधाराचा हक्क मिळतो. तो बजावायला मात्र दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, या गुडघ्यांनी.

खोदाईआधी शेजारच्या इमारतींची फोटोंसह पाहणी आणि दुरुस्तीपोटी बिल्डरची अनामत रक्कम, एवढं झाल्याशिवाय महापालिकेने पायाच्या कामाला परवानगी देऊ नये.

– एक ज्येष्ठ रहिवासी, दादर