लागोत्तो हा शोभेचा कुत्रा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील पाळीव कुत्र्यांविषयीच्या लेखात लागोत्तो रोमान्योलो या इटालियन जातीचा परिचय ‘केस न गळणारा, ॲलर्जी न होऊ देणारा, मुलांत रमणारा कुरळा कुत्रा’ असा करून दिला आहे. मुलांत तो रमतो, याबद्दल वाद नाही. परंतु या जातीचा कुत्रा माझ्या घरात आहे, आणि केवळ हे वर्णन वाचून कोणी पिल्लू आणले तर त्या माणसाची आणि त्याहून अधिक त्या पिल्लाची फसगत होईल असे मला वाटते.

इटलीतील कोमाक्किओ आणि रावेन्ना परिसरातील दलदलीत शिकार केलेली पाणपाखरे पाण्यातून काढून आणणे हे या कुत्र्याचे मूळ काम होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या दलदली उपसून तेथे शेती होऊ लागली, तेव्हा त्याचे पाण्यातले काम संपले आणि त्याला ट्रफल या मौल्यवान खाद्य बुरशीच्या शोधाला लावण्यात आले. ओक, पॉप्लर, हेझल यांसारख्या झाडांच्या मुळांशी सहजीवन करणारी ही बुरशी आयुष्यभर जमिनीखालीच राहते आणि पिकल्यावर तिचा जो वास सुटतो, तोच तिचा एकमेव पत्ता असतो. पूर्वी हा वास काढण्यासाठी डुकरेही वापरत, पण डुक्कर मुळांभोवतीची माती उधळते आणि सापडलेला ट्रफल स्वतःच फस्त करू पाहते. इटलीच्या १९८५ च्या कायद्यानुसार ट्रफल शोधायचा तो कुत्र्याच्या मदतीने, खणायचा तो ठराविक अवजाराने आणि खड्डा पुन्हा बुजवायचा, असा नियम आहे. शोधणाऱ्या माणसालाही परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. रानातल्या सावजाचा वास आला तरी कामावरून लक्ष ढळू नये, अशा बेताने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून लागोत्तोची पैदास झाली आहे.

असे नाक घरात आले की त्याला काम द्यावेच लागते. दिले नाही तर ते स्वतः शोधून काढते, आणि मग बागेतले वाफे व कुंड्या उकरल्या जातात. लांबवर फिरवून आणले की कुत्रा दमतो हा समज या जातीच्या बाबतीत अपुरा आहे. पंधरा मिनिटे मन लावून हुंगायला लावले तर तो जितका शांत होतो, तितका तासभर चालूनही होत नाही. सुरुवातीला खाऊ किंवा वासाचे फडके घरातच दडवावे, मग गवतात, मग मातीत थोडे खोल पुरावे, आणि शोधून काढल्याबरोबर बक्षीस द्यावे. ट्रफलचाच वास शिकवायचा असेल तर खऱ्या ट्रफलचा तुकडा घ्यावा, कारण बाजारातील बहुतेक ट्रफल तेलांना कृत्रिम सुगंध दिलेला असतो. ‘सोड’ ही आज्ञा मात्र सर्वांआधी शिकवावी. नाक सतत जमिनीला लावून चालणारा कुत्रा वाटेत सापडेल ते तोंडात घेतो. इटलीच्या जंगलांत तर प्रतिस्पर्ध्यांनी टाकलेल्या विषारी आमिषांनी ट्रफल शोधणारे कुत्रे दगावले आहेत.

केसांबद्दलची माहितीही अर्धीच आहे. केस फारसे गळत नाहीत याचा अर्थ गळून सुटलेला केस कुरळ्यांतच अडकतो, आणि विंचरण्याची हयगय झाली की कानांमागे, काखेत व पायांच्या आतल्या बाजूस जटा होतात, त्वचा ओढली जाते, आत ओल राहते. जातीच्या अधिकृत मानकातही वर्षातून किमान एकदा सर्वांगाचे केस कापण्याची अट आहे. घरच्या कुत्र्याला हे दर दोन-तीन महिन्यांनी करावे लागते. केसाळ, लोंबते कान आंघोळीनंतर कोरडे करणे हेही आलेच. ॲलर्जीविषयी सांगायचे तर ती लाळेतील आणि त्वचेतील प्रथिनांमुळे होते, त्यामुळे कोणताही कुत्रा ॲलर्जीमुक्त म्हणून विकणे अयोग्यच आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट लेखात अजिबात आलेली नाही. १९७० च्या दशकापर्यंत संकरामुळे ही जात जवळजवळ संपली होती. काही जाणकारांनी उरलेल्या कुत्र्यांवरून ती पुन्हा उभी केली, १९८८ साली इमोला येथे तिचा क्लब स्थापन झाला आणि आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाची अंतिम मान्यता २००५ साली मिळाली. अशा आकुंचित वंशात दोषी जनुके दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा धोका वाढतो. पाच ते नऊ आठवड्यांच्या वयात सुरू होणारे फेफरे हे त्याचे एक उदाहरण. ते बहुधा चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप थांबते. पेशींमध्ये नको ते साठत जाऊन चाल डळमळीत करणाऱ्या चेताविकाराला मात्र इलाज नाही. या दोन्ही विकारांसाठी जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत, आणि आई-वडील निरोगी दिसत असले तरी ते दोषी जनुकाचे वाहक असू शकतात. म्हणून पिल्लू पाहण्याआधी दोघांचे चाचणी अहवाल व खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे मागावेत. ते दाखवण्यास टाळाटाळ करणाऱ्या पैदासकाराकडून पिल्लू घेऊ नये.

आपल्या पुरवणीत अशा जातींचा परिचय यापुढेही येईल. त्यासोबत त्या जातीच्या आनुवंशिक विकारांची आणि चाचण्यांची छोटी चौकट द्यावी, अशी विनंती आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक