‘वीज कुठून येते?’ विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुम्हाला आभार मानलेले चालत नाहीत. मागच्या वेळी फोनवर सुरुवात केली तर तुम्ही म्हणालात, "मोठ्याने बोल, विमानांच्या इंजिनांनी कान खाल्लेत." मी मोठ्याने बोलायला लागले तर फोन सरळ काकूंकडे दिलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. तुम्ही आता बंगळूरला असता, तिथे तुमचा नातू हे वाचून दाखवणार आहे आणि आजोबांना मध्येच उठू द्यायचं नाही, असं मी त्याला बजावून ठेवलंय.

आपली गाठ पडली ती पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी. पथारीवरचं एक गोल, काळ्या तबकडीचं, काच तडकलेलं यंत्र हातात घेऊन मी उभी होते. विकणारा सांगत होता, "विमानाचं आहे ताई, लोहगावच्या हवाई तळाचा माल." मागून आवाज आला, "बॉयलरचं आहे. ठेवा खाली." मग तुम्हीच विचारलंत, विमानाचं कशाला हवंय म्हणून. मी खरं ते सांगितलं. घरी कॉम्प्युटरवर सिम्युलेटरमध्ये विमान उडवते, दुसऱ्या महायुद्धातलं मस्टँग हे अमेरिकन लढाऊ विमान, आणि टेबलावर खऱ्यासारखं पॅनेल करायचंय. हे ऐकून लोक एक तर हसतात, नाहीतर "मुलासाठी का?" असं विचारतात. तुम्ही विचारलंत, "डी मॉडेल का?"

तिथेच उभ्या उभ्या माझी अडचण सांगून टाकली. मस्टँगच्या पॅनेलमध्ये मला जीपीएस बसवायचा होता. विमान १९४४ चं, जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ चा. आमच्या सिम्युलेटरवाल्यांच्या ग्रुपमधल्या शुद्धतावाद्यांनी त्यावरून माझी बरीच खेचली होती. पैठणीवर स्पोर्ट्स शूज, असं एकाने लिहिलं होतं. (मला त्यात काही वाईट दिसत नाही. लग्नात आठ तास उभं राहून बघा.) पण खरी अडचण टिंगलीची नव्हती. पॅनेलच्या फाइलमध्ये ओळी घातल्या, जीपीएसची चौकट दिसायला लागली, पण पडदा काळाच्या काळा. एकाने तयार फाइल पाठवली, तिने तर पॅनेलवरची आधी चालणारी यंत्रंही बंद पाडली. तीन आठवडे मी त्या काळ्या चौकोनाकडे बघत बसले होते.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "त्या डब्याला वीज कुठून येते?"

मला प्रश्नच कळला नाही. कॉम्प्युटरच्या आतल्या विमानात कसली वीज? तुम्ही पत्ता दिलात, धानोरीचा, आणि म्हणालात, "लॅपटॉप घेऊन ये. ये म्हणजे सकाळी ये, दुपारी मी झोपतो."

तुमच्या डायनिंग टेबलावरचा तो तास मी विसरणार नाही. सिम्युलेटर तुम्ही पहिल्यांदाच बघत होतात. माउस तर हातातही धरला नाहीत. कागद मागितलात आणि त्यावर बॅटरी, जनरेटर, मुख्य खटका असं एकेक काढत गेलात, आणि प्रत्येक चौकोनाशी थांबून मला विचारत होतात, "हे तुझ्या फाइलमध्ये कुठेय?" मी शोधत होते. विमानाच्या फाइलमध्ये ‘रेडिओज’ नावाचा भाग सापडला. या विमानाला दुसरा रेडिओ नाही, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) नाही, असं तिथे शून्यं लिहून सांगितलेलं होतं. ती बदलली, तरी पडदा काळाच. मग तुमच्या कागदावरचा पुढचा चौकोन आला, एव्हियॉनिक्सचा, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा, वेगळा खटका. सिम्युलेटर जीपीएसला वीज देतो ती या खटक्यातून. आणि १९४४ च्या पॅनेलवर हा खटकाच नाही! कुठून असणार? तो शब्दच तेव्हा रुळलेला नव्हता. इंजिन चालू असताना विमान उघडलं की सिम्युलेटर तो खटका आपणहून चालू धरतो. मी मात्र शिस्तीत, थंड, म्हणजे सगळं बंद असलेल्या विमानापासून सुरुवात करत होते, आणि माझ्याच शिस्तीमुळे अडकले होते. की-बोर्डवरच्या एका बटणाला तो खटका जोडला आणि पडदा उजळला. काकूंनी आतून विचारलं, "झाला का डबा गरम?" त्यांना वाटलं होतं, मी जेवणाचा डबा घेऊन आलेय.

मी आनंदाने उडायच्या बेतात होते. तुम्ही अट घातलीत. आधी लोहगाव ते कोल्हापूर, डब्याशिवाय. नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. ते जमलं की डबा.

खरं सांगते काका, तेव्हा राग आला होता. पण गणित मांडायला बसले. अंतर ११७ नॉटिकल मैल, दिशा १७० अंश, म्हणजे जवळजवळ दक्षिण, वेग २३० नॉट (तासाला तेवढे नॉटिकल मैल) धरला तर अर्ध्या तासाचं काम. माझ्या सिम्युलेटरमध्ये पश्चिम महाराष्ट्राची जमीन सॅटेलाइट फोटोंची आहे, त्यामुळे खुणा दिसतात. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १९४२ फुटांवर आहे, तो आकडा अल्टिमीटरवर, उंचीच्या तबकडीवर, लावताना दर वेळी गंमत वाटते, युद्धातलंच साल! रडर ट्रिम, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचा कल, सहा अंश उजवीकडे, नाहीतर मस्टँग डावीकडे पळतं. इंजिनाचे फेरे मिनिटाला ३०००, हवेचा दाब ६१ इंच, आणि निघाले. पाचव्या मिनिटाला पुरंदर अगदी खाली. सातारा उजव्या हाताला हवा होता; तो उजवीकडेच होता, जरा जास्तच लांब. विसाव्या मिनिटाला कऱ्हाड यायला पाहिजे होतं, कृष्णा-कोयनेचा संगम. नदी दिसली. एकच. मी स्वतःची समजूत घातली की संगम ढगाखाली असेल. अर्ध्या तासाने खाली उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूर विमानतळाची, धावपट्टी कुठेच नव्हती, भलतंच मोठं गाव होतं. ते इचलकरंजी निघालं.

तुम्हाला फोन केला तर तुम्ही काय म्हणावं? "यंत्रमाग दिसले का?"

मग शांतपणे विचारलंत, वारा किती होता. पश्चिमेचा, वीस नॉट. अर्ध्या तासात दहा मैल पूर्वेला ढकलणार, म्हणजे साडेअठरा किलोमीटर, म्हणजे इचलकरंजी. हे गणित मला शाळेतही येत होतं, पण त्याने मला कधी चुकीच्या गावात नेऊन सोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाक पाच अंश उजवीकडे ठेवलं, १७५ वर, आणि विसाव्या मिनिटाला प्रीतिसंगम बरोबर पोटाखाली आला. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं, मी चक्क टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर डबा लावून तोच मार्ग उडवला, तेव्हा तुम्ही अट का घातली होती ते कळलं. विमानाचं नाक १७५ वर आणि डबा दाखवतोय, जमिनीवरचा मार्ग १७०. ती पाच अंशांची फट म्हणजे वारा. पहिल्याच दिवशी डबा लावला असता तर मी त्याच्या पडद्यावरच्या मार्गाच्या गुलाबी रेषेवर विमान ठेवलं असतं आणि ते दोन आकडे वेगळे का, हे विचारलंही नसतं.

अर्थात डबा मिळाल्यावर माझं व्हायचं तेच झालं. पडदा मोठा दिसावा म्हणून मी तो पॅनेलवर अशा जागी टाकला की कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या तापमानाचा, काटा झाकला गेला. एप्रिलची दुपार, जमिनीवर रांगत चाललेलं विमान, पोटाखालच्या रेडिएटरला वारा नाही, आणि मी जीपीएसमध्ये मार्ग भरण्यात गुंग. हे मॉडेल इंजिनाची हयगय माफ करत नाही. काटा १२१ अंश सेल्सियसची धोक्याची रेषा ओलांडून कधी गेला ते कळलंच नाही. कळलं ते धावपट्टीच्या टोकाशी, इंजिन थांबल्यावर. तुम्हाला स्क्रीनचा फोटो पाठवला. उत्तर आलं: "डबा नकाशाच्या जागी. इंजिनाच्या जागी नाही." आता तो खाली उजवीकडे आहे, छोटा. मान वाकवावी लागते. मुद्दामच तसा ठेवलाय.

आणि ती पैठणीची गोष्ट. मी ती तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही पहिल्यांदा जरा चिडलेले दिसलात. म्हणालात, हवाई दलाचं मिग-२१ बायसन लढाऊ विमान म्हणजे दुसरं काय होतं? जुनं मिग-२१ बिस, त्यात नवं रडार, नवी उपकरणं, आणि हे काम झालं ते आपल्याच नाशिकजवळच्या ओझरला. जग्वार लढाऊ विमानाला डॅरिन ही दिशा दाखवायची आणि नेम धरायची यंत्रणा बसवली, ते काय विमान नवीन होतं म्हणून? ब्रिटनमध्ये दुरुस्त करून २०१८ मध्ये हवाई दलाला मिळालेल्या डाकोटाचं, जुन्या मालवाहू विमानाचं, नावही तुम्हीच सांगितलंत, परशुराम. त्याच्या अंगावरचा नंबर व्हीपी-९०५, २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटणीला घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा. ते ब्रिटनहून इथवर उडत आलं. तुम्ही म्हणालात, "आज एवढ्या देशांवरून जायचं तर आजचे रेडिओ लागतात. कंट्रोलवाला काय १९४७ च्या फ्रिक्वेन्सीवर बसून राहणार आहे?" हे वाक्य मी ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. पैठणीवाल्याने अंगठा दिलाय. दिलगिरी नाही, पण अंगठा.

तुम्ही सदतीस वर्षं खऱ्या विमानांच्या तारा जोडल्यात. माझ्यासारखीच्या खेळातल्या विमानासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसायची तुम्हाला काही गरज नव्हती. "खेळातलं" हा शब्द तुम्ही एकदाही वापरला नाहीत, हे मला फार उशिरा लक्षात आलं. तुमचा तो चौकोनांचा कागद माझ्याकडेच आहे, वरणाच्या डागासकट. परत मिळणार नाही.

सध्या स्पिटफायर, त्याच युद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, घेतलंय. त्याचं होकायंत्र दोन गुडघ्यांच्या मध्ये, खाली आहे, आणि जायरो, म्हणजे पॅनेलवरची दिशेची तबकडी, दर दहा-पंधरा मिनिटांनी त्याच्याशी जुळवून घ्यावा लागतो. डबा अजून बसवलेला नाही. आधी नाशिकला जाऊन येते. दिशा काढली आहे, वारा विचारात घेतला आहे. चुकून शिर्डीला पोचले तर फोन करीनच.

काकूंना नमस्कार. उन्हाळ्यात पुण्याला आलात की विमानात बसायचंय, माउस मी धरीन.

तुमची,
बॉयलरवाली

ता. क. ते बॉयलरचं यंत्र मी पुढच्या रविवारी परत जाऊन घेतलं. दीडशे रुपयांना. टेबलावर कूलंटच्या काट्याच्या जागी लावलंय. चालत नाही, पण दिसतं छान.